सॅनिटायझर आणि हार्डनिंग: बंद काय करायचं, चालू काय ठेवायचं

हिंजवडी-बाणेरमध्ये सी प्लस प्लस लिहिणाऱ्या टीममध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: "सेफ्टी चेक लावले की प्रोग्रॅम निम्म्या वेगानं चालतो, म्हणून रिलीजमध्ये काढून टाकलेत." यातली तक्रार सॅनिटायझरबद्दल (टेस्टमध्ये चुका शोधणारं साधन) असते, पण शिक्षा हार्डनिंगला (ग्राहकाकडे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवायच्या हलक्या तपासण्या) होते. दोन्ही गोष्टी कंपायलरच्या फ्लॅगनं चालू होतात, दोन्ही मेमरीच्या चुका पकडतात, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. मात्र त्यांची कामं वेगळी आहेत.

ॲड्रेस सॅनिटायझर हा सर्वांत परिचित सॅनिटायझर; त्याचं काम चूक शोधून दाखवणं. मेमरीतल्या जवळपास प्रत्येक वाचन-लेखनाआधी कंपायलर एक तपासणी घुसवतो. दर 8 बाइटमागे 1 बाइट हिशेबासाठी राखलेला असतो. प्रत्येक ब्लॉकच्या आजूबाजूला निषिद्ध पट्टे ठेवले जातात आणि मोकळी केलेली मेमरी लगेच पुन्हा वापरायला दिली जात नाही. म्हणूनच तो सांगू शकतो की अमुक ओळीवर चूक झाली, मेमरी इथे घेतली होती, इथे सोडली होती. एवढ्या माहितीची किंमत 2012 च्या मूळ शोधनिबंधात दिली आहे: सरासरी 73 टक्के जास्त वेळ. मेमरीही कित्येक पट लागते. टेस्टच्या मशीनवर हा सौदा मला स्वस्त वाटतो.

ग्राहकाच्या मशीनवर मात्र तो पाठवूच नये, आणि त्याचं कारण फक्त वेग नाही. सॅनिटायझरची रनटाइम लायब्ररी (प्रोग्रॅमसोबत चालणारा त्याचा कोड) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणारा युजर ठरवू शकतो अशा सेटिंगमधून, सूचना घेते, लॉग कुठे लिहायचा हेसुद्धा. रूटच्या (सिस्टिमच्या सर्वोच्च) अधिकारानं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती राहिली, तर साधा युजर नको तिथे फाइल लिहवून घेऊ शकतो. 2016 मध्ये हे उघडपणे दाखवून दिलं गेलं. सुरक्षेसाठी लावलेली गोष्टच भगदाड ठरते.

हार्डनिंग चूक समजावून सांगत नाही, नुकसान होण्याआधी प्रोग्रॅम थांबवतं. स्टॅक प्रोटेक्टर फंक्शनमधून परतताना, स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) आधी ठेवलेलं राखणीचं मूल्य बदललंय का ते पाहतो. फोर्टिफाय सोर्स हा पर्याय बफरचा (डेटासाठी राखलेल्या मेमरीचा) आकार कळत असेल तिथे मेमकॉपीसारख्या, मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनची तपासणारी आवृत्ती वापरतं. ऑप्टिमायझेशन बंद असेल तर ते काहीच करत नाही. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाच्या सी प्लस प्लस लायब्ररीचा हार्डनिंग मोड व्हेक्टरचा (यादीसारख्या रचनेचा) इंडेक्स हद्दीत आहे का ते तपासतो, आणि गूगलनं 2024 मध्ये आपल्या सेवांवर त्याचा सरासरी भार 0.30 टक्के सांगितला. हा खर्च वाचवण्यासाठी बफर उघडा टाकणं मला पटत नाही. पण सोडलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक यातून सहसा निसटते, म्हणून टेस्टमधला सॅनिटायझर टळत नाही.

एखादी फाइल खरंच मंदावली, तर आधी प्रोफायलरनं (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनानं) मोजा आणि त्या फाइलपुरतीच हार्डनिंगची पातळी उतरवा.

चाकण-पिंपरीच्या गाड्यांसाठी ईसीयूचा (गाडीतल्या छोट्या नियंत्रक संगणकाचा) कोड लिहिणाऱ्यांची अडचण जरा वेगळी आहे. छोट्या कंट्रोलरवर सॅनिटायझरचा हिशेब मावत नाही. तेव्हा हार्डवेअरला न चिकटलेला कोड लिनक्सवर कंपाइल करून तिथे सॅनिटायझर चालवावा. हार्डनिंग ईसीयूवरही लावता येतं, फक्त तपासणी फसली तर पुढे काय हे आधी ठरवायला हवं: वॉचडॉगनं (प्रोग्रॅम अडकला तर कंट्रोलर पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरनं) कंट्रोलर रीसेट करायचा की सुरक्षित अवस्थेत जायचं. ब्रेकच्या कोडमध्ये हा निर्णय कंपायलरच्या डीफॉल्टवर सोडू नका.