जड मशीनलाही पीळ पडतो

फळ्या सपाट करणाऱ्या बारा इंची रंधा मशीनचं वजन तीनशे-साडेतीनशे किलोपर्यंत सहज जातं. एवढं धूड एकदा जागेवर बसलं की ते काही हलत नाही, वाकत नाही, असं कुणालाही वाटेल. पुण्यात बंगल्याच्या पार्किंगमध्ये किंवा रो-हाउसच्या तळमजल्यावर हौसेने सुतारकाम करणारे बरेच आहेत. नवं मशीन आलं की त्यांची सगळी चिंता ते आत कसं न्यायचं याचीच असते. खरं काम मशीन आत आल्यावर सुरू होतं. जड असणं वेगळं आणि ताठ असणं वेगळं. साडेतीनशे किलोचं बीडसुद्धा (ओतीव लोखंड) स्वतःच्याच वजनाने पिळलं जातं, आणि तो पीळ पुढे तुमच्या प्रत्येक फळीत उतरतो.

आत नेण्याचं शास्त्र त्या मानाने सोपं आहे. दीड मीटरची पहार घ्या, टोकापासून दहा सेंटिमीटरवर लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून ठेवा. तुमच्या हाताकडची बाजू १४० सेंटिमीटर, मशीनकडची १०, म्हणजे जोर चौदापट. मशीनची एक बाजू उचलायला साधारण १७५ किलोचा जोर लागत असेल, तर पहारीवर साडेबारा किलो पुरतात. खाली लोखंडी पाइपचे तीन-चार तुकडे सरकवले की दोघांत काम होतं. काळजी एकच: या मशीनचं बहुतेक वजन वरच्या भागात असतं, त्यामुळे ते पटकन कलंडतं. आणि टेबलाला धरून ते कधीही उचलायचं नाही.

मुळात मशीन इतकं जड का करतात? उत्तर कटर ब्लॉकमध्ये, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दंडगोलात आहे. १०० मिलिमीटर व्यासाचा ब्लॉक मिनिटाला ५,००० फेरे घेतो तेव्हा पात्याची धार सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९४ किलोमीटर वेगाने धावत असते. त्या वर्तुळात फिरणाऱ्या प्रत्येक ग्रॅमवर गुरुत्वाकर्षणाच्या चौदाशेपट त्वरण असतं. आता समजा, धार लावून आणलेल्या पात्यांपैकी एक बाकीच्यांपेक्षा पाच ग्रॅमने जड राहिलं. ते पाच ग्रॅम ब्लॉकला सात किलोच्या जोराने बाहेर ओढतात आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला ८३ वेळा फिरते. ढोबळ हिशेब केला तर तीनशे किलोचं मशीन या धक्क्यांनी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी थरथरतं. तीस किलोचं मशीन त्याच्या दहापट थरथरेल. म्हणून धारवाल्याकडून आलेली पाती बसवण्याआधी डिजिटल काट्यावर तोलून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते करणारे फार थोडे.

वजन हवं तर पोलाद का नाही, बीडच का? ताठपणात पोलाद सरस आहे. तेवढ्याच जोराला बीड पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाकतं. पण बिडात अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. तुटलेल्या बिडाचा तुकडा आतून राखाडी दिसतो तो त्यामुळेच. कंपन धातूतून जाताना या पापुद्र्यांपाशी त्याची ऊर्जा घर्षणात जिरते. पोलादाच्या कांबीवर हातोडी मारली तर ती घणघणते. बिडावर मारली तर आवाज तिथल्या तिथे बसतो. रंध्याच्या टेबलाला हाच गुण हवा असतो. शिवाय ओतकामात हवा तो आकार मिळतो.

ओतकामाचा एक दोषही आहे. साच्यात जाड भाग सावकाश थंड होतो आणि पातळ भाग लवकर, त्यामुळे धातूत ताण कोंडून राहतात. पूर्वी चांगले कारखाने ओतीव भाग महिनोन्‌महिने उघड्यावर पडू देत आणि मगच त्यांना अखेरचा हात फिरवत. हल्ली भट्टीत सुमारे साडेपाचशे अंशांपर्यंत तापवून, सावकाश निववून ते ताण काढतात. ही पायरी गाळली तर कारखान्यात सपाट असलेलं टेबल पुढे काही महिन्यांत आकार बदलू शकतं.

आता पायांकडे येऊ. तिपाई कुठेही ठेवा, ती डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंमधून नेहमी एकच सपाट पातळी जाते. मशीनला मात्र चार पाय असतात. चौथा पाय त्या पातळीत असेलच असं नाही, आणि पार्किंगच्या उतार दिलेल्या कोब्यावर तर तो नसतोच. अशा वेळी मिस्त्री काय करतात? चारही बोल्ट जोर लावून आवळतात.

“मिस्त्री, थांबा, बोल्ट आत्ताच आवळू नका.”

“साहेब, आवळल्याशिवाय मशीन डुगडुगतंय की!”

मिस्त्रींचं म्हणणं खरं आहे, आवळल्यावर डुगडुग थांबते. पण ती थांबते ती मशीन वाकून अधांतरी पाय जमिनीला टेकला म्हणून. फ्रेमला पडलेला पीळ टेबलापर्यंत पोहोचतो. एक मिलिमीटरचं अंतर असं जबरदस्तीने मिटवलं आणि त्याचा दहावा हिस्साच वर गेला, तरी टेबलाच्या एका टोकाची पातळी दुसऱ्या टोकाशी जुळत नाही. मग एकामागोमाग फळ्या रंधल्या तरी सगळ्या किंचित पिळलेल्याच निघतात आणि दोष लाकडाला दिला जातो.

योग्य रीत अशी: बोल्ट सगळे सैल. तीन पाय टेकू द्यायचे, चौथ्याखाली वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी सरकवून बघायची. सहज निघाली तर तिथे फट आहे. पातळ पत्र्याच्या चकत्या एकेक करून सारायच्या, पट्टी थोडी अडकत, ओढून निघेल इथपर्यंत. मग टेबलाच्या एका टोकाला आडवी पाणसळ ठेवायची, बुडबुडा कुठे थांबतो ते काचेवर खूण करून टिपायचं आणि तीच पाणसळ, दिशा न बदलता, दुसऱ्या टोकाला ठेवायची. बुडबुडा त्याच खुणेवर यायला हवा. यातली गंमत अशी की रंध्याचं मशीन पाणसळीत असायची गरजच नाही. ते एका बाजूला थोडं कललेलं असलं तरी फळी सरळ निघेल, फक्त दोन्ही टोकं सारखीच कललेली हवीत. त्यामुळे पाणसळ स्वस्तातली असली, तिचा मध्य थोडा चुकलेला असला, तरी चालतं, कारण आपण तिची तुलना तिच्याशीच करतोय. बोल्ट शेवटी, बुडबुड्यावर नजर ठेवून आवळायचे. आवळताना तो सरकला तर चकती अजून कमी किंवा जास्त आहे.

पायाखालच्या फरशीचाही हिशेब करा. साडेतीनशे किलो चार पायांवर म्हणजे एकेकावर ८८ किलो. बारा मिलिमीटरच्या बोल्टच्या टोकावर तो भार आला तर दर चौरस सेंटिमीटरला ७७ किलो दाब होतो. खाली पोकळी राहिलेली टाइल किंवा शहाबादी तिथेच तडकते. पायाखाली दहा सेंटिमीटर बाजूची जाड लोखंडी पट्टी ठेवली की हाच दाब एका किलोच्या आत येतो. फरशीवर आधी नाणं वाजवत फिरा, पोकळ जागा आवाजावरून कळते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मशीन न्यायचं असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नेऊ नका. राहत्या घरांचे स्लॅब सहसा दर चौरस मीटरला दोनशे किलो वापराचा भार धरून आखलेले असतात.

टेबल सपाट आहे हे बघायला सरळ पट्टी लागते. ती पट्टी सरळ आहे हे कशावरून? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या यंत्रकारांना छळत होता, आणि जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये त्याचं उत्तर शास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं. दोन पृष्ठभाग एकमेकांशी तंतोतंत जुळले तरी ते सपाट असतील असं नाही. एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असू शकतो. पण तीन पृष्ठभाग घ्या आणि आलटूनपालटून कोणतेही दोन जुळेपर्यंत उंचवटे खरवडत राहा. पहिला फुगीर असेल तर त्याच्याशी जुळणारे दुसरा आणि तिसरा दोन्ही खोलगट होतील, मग ते एकमेकांशी जुळणार नाहीत. तिघेही आपसात जुळायला एकच मार्ग उरतो: तिघेही सपाट. आधीपासून अचूक असलेलं कुठलंही साधन हाताशी नसताना अचूकपणा शून्यातून उभा राहतो. विज्ञानाच्या इतिहासात मला याहून सुंदर युक्ती क्वचितच दिसते. आणि ती आपल्याला घरी वापरता येते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या, मुरलेल्या सागाच्या तीन पट्ट्या आणा, हातरंध्याने तिघींच्या कडा उजेडासमोर धरून जुळवा. हजारो रुपयांची पट्टी विकत न घेता टेबल तपासता येतं.

मग पात्यांची उंची. आधी प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मागच्या, म्हणजे रंधलेली फळी जिथे बाहेर येते त्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी कटर ब्लॉकवर येईल अशी ठेवायची, टेबलाच्या कडेपाशी तिच्यावर रेघ मारायची आणि ब्लॉक पुलीला धरून हाताने फिरवायचा. पातं पट्टीला हलकेच उचलून पुढे नेतं. ती साधारण तीन मिलिमीटर सरकली तर उंची बरोबर. प्रत्येक पात्याने, दोन्ही टोकांना, तेवढंच अंतर नेलं पाहिजे. एक पातं किंचित वर राहिलं तर शेवटचा हात फक्त त्याचाच लागतो. तीन पात्यांचं मशीन मिनिटाला सहा मीटर फळी ओढत असेल तर काप ०.४ मिलिमीटरच्या अंतराने पडायला हवेत, ते १.२ मिलिमीटरवर पडतात. पॉलिश केल्यावर तिरप्या उजेडात त्या लाटा दिसतात.

विजेच्या बाबतीत लोक मोटारची अश्वशक्ती बघतात आणि वायरची जाडी विसरतात. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार चालताना नऊ-दहा अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट, म्हणजे पन्नास-पंचावन्न. मीटरपासून वीस मीटरवर पार्किंग असेल आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर त्या क्षणी सव्वीस-सत्तावीस व्होल्ट वायरमध्येच जातात. मोटारचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो वीस टक्क्यांहून जास्त घटतो. जड ब्लॉक वेग घ्यायला वेळ लावतो आणि तेवढा वेळ मोटार तापत राहते. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतली की घट दहा व्होल्टवर येते. तपकीर गल्लीत वायर घेताना एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, सी प्रकारचा मागा. बी प्रकारचा तीन ते पाचपट प्रवाहालाच पडतो, त्यामुळे मशीन सुरू करताना तो वारंवार पडेल. घरी थ्री फेज मीटर असेल तर उत्तमच. मात्र तिथे दोन वायरींची अदलाबदल झाली तरी मोटार उलटी फिरते, म्हणून पट्टा चढवण्याआधी मोटार एकटी क्षणभर चालवून दिशा बघा.

पुण्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता पुष्कळदा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे लोखंडावर पाण्याचा न दिसणारा थर टिकून राहतो आणि गंजाला तेवढा पुरतो. घामेजला तळहात टेबलावर टेकला तर त्यातल्या मिठामुळे दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस पंजा उमटलेला दिसतो. बाभळीचा ओला भुसा राहिला तर त्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळे डाग पडतात. टेबलावर थर द्यायला तेलापेक्षा मेण बरं, तेलाला भुसा चिकटतो आणि ओल धरतो.

एक गोष्ट खास इथल्या जमिनीची. पुण्यात टेकड्यांच्या उतारावर मुरूम आणि काळा पाषाण लवकर लागतो, नदीकाठच्या सखल भागांत मात्र काळी माती खोलवर असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर थेट घातलेला पार्किंगचा कोबा तिच्याबरोबर काही मिलिमीटर वर-खाली होतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये आणि मे अखेरीस बोल्ट सैल करून पाणसळ पुन्हा दोन्ही टोकांना ठेवून बघावी. बुडबुडा खुणेवरून हलला असेल तर चौथ्या पायाखालच्या चकत्या कमी-जास्त कराव्यात. बाकीच्या तीन पायांना हात लावायची गरज नाही.