जिव्या सोमा म्हसे आणि वारली चित्राचा भिंतीपासून कागदापर्यंतचा प्रवास

वारली पेंटिंग आता कुठे नाही सांगा. साडीवर आहे, कपावर आहे, रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर आहे, शाळेतल्या पोरांच्या चित्रकलेच्या वहीत तर हमखास. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल काढला, चार काड्या लावल्या की झाला माणूस, इतकं सोपं वाटतं ते. पण हे चित्र भिंतीवरून खाली उतरलं कसं, आणि ज्या माणसाच्या हातून उतरलं तो कोण, हे विचारलं तर बहुतेकांना नाव सांगता येत नाही, आणि मला ते खरंच लागतं. म्हणून हे थोडं सविस्तर लिहितोय.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म 1934 चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा वेगळा झाला तो 2014 मध्ये. पुढे त्यांचं आयुष्य गेलं डहाणू तालुक्यात, गंजाडच्या पाड्यावर. लहानपणी, सात वर्षांचे असताना आई गेली आणि पोराने बोलणंच सोडलं असं सांगतात. काही सांगायचं असलं की मातीत बोटाने किंवा काडीने चित्र काढून दाखवायचे. कुठली शाळा नाही, कोणी ड्रॉइंग टीचर नाही, हात बसला तो असा धुळीत.

आता ‘स्वतः शिकलेला कलाकार’ म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. वारली चित्र हे मुळात बायकांचं. लग्न असलं की घरातली भिंत शेणाने सारवायची, गेरू लावायचा आणि त्यावर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. हो, चौक ‘लिहायचा’ असंच म्हणतात. बांबूची काडी घ्यायची, टोक चावून कुंचल्यासारखं करायचं, एवढंच साहित्य. लग्नचौकात मधोमध पालघट देवी, आजूबाजूला झाडं, डोंगर, सूर्य, चंद्र, आणि शेजारी देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणते, आणि चौक नसेल तर लग्न लागत नाही. म्हणजे हे शोभेचं काम नाहीच, तो विधी आहे. लग्न उरकलं की भिंत पुन्हा सारवली जायची, चित्र गेलं. कोणी सही करत नव्हतं आणि कोणी जपून ठेवतही नव्हतं.

आणि या लग्नाचीच दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय हा काळ कळत नाही. त्या वेळी डहाणू, तलासरी, उंबरगाव पट्ट्यात जमीन जमीनदार आणि सावकारांकडे गेलेली, आणि वारली आदिवासींच्या नशिबी वेठबिगार. लग्नाला पैसे लागायचे, ते सावकाराकडून घ्यायचे आणि मग नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं, याला लग्नगडी म्हणायचे. ज्या लग्नासाठी सुवासिनी भिंतीवर पिकाची, बाळंतपणाची देवी काढत होत्या त्याच लग्नापायी माणूस गहाण पडत होता. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत किसान सभेच्या लाल झेंड्याखाली वारली उभे राहिले, वेठ आणि लग्नगडी बंद पाडले. जिव्या म्हसे तेव्हा अकराएक वर्षांचे. त्यांच्या चित्रात शेत, नांगरणी, मळणी, धान्याच्या राशी इतक्या वेळा येतात ना, त्यामागे मला तरी हे सगळं दिसतं.

म्हसे वेगळे पडले ते इथे, की लग्न नसतानाही ते चित्र काढत राहिले. पुरुषाने रोज चित्र काढत बसणं ही रीतच नव्हती, पण त्यांचा हात थांबत नव्हता.

मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. हे स्वतः चित्रकार. 1966-67 च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं, तिथल्या बायकांना कागद देऊन भिंतीवरचं कागदावर आणायला, म्हणजे त्यातून घरात दोन पैसे येतील. आज जे मधुबनी पेंटिंग आपण बघतो त्याच्या मागे ही खटपट आहे. तसाच कागद आणि रंग घेऊन ते वारली पाड्यांवर पोचले आणि तिथे त्यांना म्हसे भेटले. 1975 मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत म्हसेंची चित्रं लागली, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जेमतेम चाळिशीत होते तेव्हा.

कागद मिळाल्यावर काय झालं ते बघण्यासारखं आहे. चौकाला चौकट असते, मध्ये देवी असते, सगळं तिच्याभोवती. कागदावर देवी मध्ये असलीच पाहिजे असं बंधन नाही, मग म्हसेंनी आख्खं रान मोकळं सोडलं. मासेमारीचं जाळं काढलं तर शेकडो बारीक रेषांचं, पूर्ण कॅनव्हासभर पसरलेलं, आणि माणूस कुठेतरी कोपऱ्यात छोटासा. मुंग्या, पक्षी, झाडाची पानं सगळं हलतं. तारपा नाच तर जवळ जाऊन बघा, मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून वळत जाणारी रांग, तारप्याकडे पाठ करायची नाही म्हणून ती वेटोळ्यासारखी फिरते, आणि चित्रात ते वेटोळं खरंच फिरतंय असं वाटतं. कारण रेष सलग नसते, ठिपके आणि छोटे छोटे तुकडे असतात. माणसं, पशुपक्षी, किडे, दिवस-रात्र सगळं चालूच असतं आणि हे चालणं म्हणजेच जगणं, असं त्यांचं सांगणं होतं. कपावर छापलेल्या वारलीत नेमकं हेच हरवतं, तिथे माणसं ताठ उभी असतात.

साहित्य पण फार बदललं नाही. कागद किंवा कापडाला शेण नाहीतर गेरू लावायचा, म्हणजे भिंतीचाच रंग येतो, आणि वर पांढरा. पिठाच्या जागी पुढे अॅक्रिलिक आला एवढंच.

2003 मध्ये जर्मनीत डुसेलडॉर्फच्या म्युझियममध्ये त्यांचं काम रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकारासोबत लावलं होतं. लाँग म्हणजे गवतातून चालून चालून उमटलेल्या पायवाटेलाच कलाकृती मानणारा, चिखलाने भिंतीवर वर्तुळं काढणारा माणूस. मातीतून आलेले दोघं समोरासमोर, कोणी कोणाचा विद्यार्थी नाही, मला हे फार आवडतं. नंतर 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री. राहणं मात्र गंजाडलाच.

त्यांच्या पाठोपाठ पाड्यापाड्यावर तरुण पोरं चित्रकार झाली, त्यांची स्वतःची मुलं पण. घराला त्यातून उत्पन्न मिळू लागलं, पण बाजार वाढला तसा नकलांचा पूर पण आला, ज्यांचा वारल्यांशी काही संबंध नाही असे लोक वारली विकायला लागले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो याच कारणाने महत्त्वाचा. आणि भिंतीवर ज्यांनी हे सुरू केलं त्या सुवासिनींची नावं मात्र कुठल्याच यादीत सापडत नाहीत.

म्हसे मे 2018 मध्ये गेले. डहाणू-तलासरीकडे लग्नसराईत आजही सारवलेल्या भिंतीवर चौक लिहिला जातो, तांदळाच्या पिठानेच.