एरियान ५ : कोड सापडला, कारण सापडलं नाही

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदा झेपावलं आणि साधारण ४० सेकंदांत फुटलं. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही म्हणून हे झालं, एवढी गोष्ट संगणक शिकणाऱ्यांना पाठ असते. जुना कोड सांभाळणाऱ्यांनी मात्र चौकशी अहवाल त्यापुढेही वाचावा.

दिशादर्शक यंत्रणेचा हा कोड आधीच्या एरियान ४ रॉकेटमधून आलेला. असं न मावण्याचा धोका असलेल्या सात व्हेरिएबलपैकी (कोडमधल्या बदलत्या किमतींपैकी) चारांना संरक्षण दिलं होतं, तीन उघडी ठेवली होती. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत राखायचा होता आणि एरियान ४ च्या मार्गावर त्या तिघांची किंमत तेवढी वाढणारच नव्हती. हिशेब त्या रॉकेटापुरता बरोबर होता. पण सोर्स कोडमध्ये त्याचा थेट उल्लेख नव्हता, आणि कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात तो बाहेरच्या परीक्षकाच्या नजरेला पडणं कठीण. त्याहून विचित्र म्हणजे जिथे घोळ झाला ते काम उड्डाणानंतर एरियान ५ ला लागतच नव्हतं! जुन्या रॉकेटाची उलटगणती ऐनवेळी थांबली तर लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून ते चालू ठेवलं जाई. ती सोय वापरली गेली एकदाच, १९८९ मध्ये. गरज गेली, कोड राहिला.

अमुक ओळ कोणत्या गरजेपोटी लिहिली हे मागे जाऊन शोधता येणं, म्हणजे ट्रेसेबिलिटी. ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिशला झालेल्या नाटो परिषदेसाठीच्या लेखनात संगणकशास्त्रज्ञ ब्रायन रँडेल यांनी ती मांडली होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८८ च्या २१६७-ए या सॉफ्टवेअर मानकाने ती सक्तीची केली, १९९२ च्या डीओ-१७८बी या मानकाने विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी मागितली. आपल्याकडच्या आयटीवाल्यांना ती भेटली ‘आरटीएम’ (रिक्वायरमेंट्स ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स) नावाच्या एक्सेल शीटच्या रूपात, जी बहुधा ऑडिट तोंडावर आल्यावरच उघडली जाते.

१९९४ मध्ये ऑर्लेना गोटेल आणि अँथनी फिंकेलस्टाइन या संशोधकांनी नेमकं दुखणं दाखवलं. गरज कागदावर उतरल्यावर तिचा माग सगळे ठेवतात. ती कागदावर येण्याआधी कुणाच्या मनात होती आणि का, हे मात्र हरवतं. दोन वर्षांनी एरियानच्या चौकशी मंडळानेही कोडइतकंच लक्ष त्यामागच्या कारणांच्या दस्तऐवजांकडे द्या, अशी शिफारस केली.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी साधनं मात्र वेगळ्या वाटेने पुढे गेली. १९७२ च्या एससीसीएसपासून २००५ च्या गिटपर्यंत कोणी, कधी, काय बदललं याची नोंद चोख होत गेली. ‘का’ हा रकाना माणसावर सोडलेला. आजही गिट ब्लेम (ओळ शेवटची कोणी बदलली हे दाखवणारी आज्ञा) मारलं की दहा वर्षांपूर्वीचा कमिट, म्हणजे बदलाची नोंद, निघतो, त्यात तिकिटाचा, म्हणजे कामाच्या मागणीचा, क्रमांक असतो, आणि ती तिकीट सिस्टिम कंपनीने केव्हाच बंद केलेली असते. मग ती ओळ काढायला कुणी धजत नाही.