वायफाय नेमकं कुठं अडलंय?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तो नसलेले, पण अजून ठणठणीत असलेले कितीतरी लॅपटॉप त्यामुळे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सकडे वळले. सांगली-मिरजेतही हे दिसतं. पोरं पेनड्राइव्हवरून उबंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार टाकतात, स्क्रीन उजळते, आवाज येतो, मराठी टायपिंग चालतं. मग कोपऱ्यात बघावं तर वायफायची खूणच नाही. "काका, सगळं चालतंय, पर वायफाय दिसंना झालंय." यावर सर्रास एकच उपाय होतो, पुन्हा इन्स्टॉल करायचं. तेही फसलं की लॅपटॉप कपाटात जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कार्ड बहुधा धडधाकट असतं, आणि नेमकं काय अडलंय हे लॅपटॉपनं स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. ते कुणी वाचलेलं नसतं, एवढंच.

ताकारी-म्हैसाळच्या कालव्यावर टेलच्या गावाला पाणी पोहोचलं नाही तर कुणी शेवटच्या रानात कुदळ घेऊन कालवा नव्यानं खणत नाही. पंप चालू आहे का, मुख्य कालव्यात पाणी आहे का, पोटचारीचं दार उघडंय का, असं वरून खाली बघत येतात. वायफायचंही तसंच आहे. कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर, रेडिओची कळ, अँटेना आणि शेवटी हवा, असा तो क्रम असतो. मधली पायरी गाळून पुढं उडी मारली की गोंधळ सुरू होतो.

पहिला प्रश्न सरळ आहे: लॅपटॉपला आपल्या पोटात वायफाय कार्ड आहे हे कळलंय का? टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, उघडून एल-एस-पी-सी-आय ही इंग्रजी लहान लिपीतली पाच अक्षरं सलग टाइप करायची, एक जागा सोडायची, उणे चिन्ह द्यायचं आणि त्याला जोडून एनएनके लिहायचं. पीसीआय या अंतर्गत जोडणीवर बसलेल्या प्रत्येक भागाची यादी समोर येते. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ किंवा ‘वायरलेस’ असं लिहिलेली ओळ शोधायची. तिच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या असतात. पहिली जोडी कंपनीची, दुसरी त्या नेमक्या चिपची. ब्रॉडकॉमचा आकडा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी, आणि इंटेलचा चक्क ८०८६. १९७८ साली बाजारात आलेल्या ज्या प्रोसेसरनं आजच्या पीसीचा पाया घातला, त्याचाच हा आकडा. लॅपटॉपच्या खोक्यावर काय छापलंय यापेक्षा या दोन जोड्यांना जास्त किंमत आहे. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळी कार्डं निघू शकतात, त्यामुळे मॉडेलचं नाव सांगून मदत मागणाऱ्याला चुकीचा सल्ला मिळण्याचीच शक्यता जास्त.

ती ओळ यादीत नसेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका. कार्ड बायोसमधून, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधून, बंद असेल, खाचेत नीट बसलेलं नसेल किंवा त्याला वीजच मिळत नसेल. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. कीबोर्ड, पंखा आणि पॉवरसारख्या कळा सांभाळणारा एक छोटा कंट्रोलर बोर्डावर असतो. लॅपटॉप बंद असतानाही तो जागा असतो आणि त्याची अडकलेली स्थिती अशी वीज पूर्ण उतरवल्याशिवाय सुटत नाही. आपल्याकडं पावसाळ्यात दमट खोलीत पडून राहिलेल्या लॅपटॉपात कार्डाच्या सोनेरी कडांवर थर चढलेला असतो. बॅटरी सोडवून, कार्ड काढून, त्या कडा मऊ खोडरबरानं हलक्या हातानं पुसून परत बसवलं की यादीत नाव येतं, असं पुष्कळदा होतं.

लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक गोष्ट बघायची. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावरही विंडोज खऱ्या अर्थानं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. त्यात वायफाय कार्डही अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्सच्या ड्रायव्हरला ते उठवता येत नाही. ती सोय विंडोजमध्ये जाऊन बंद करायची, इतकंच.

यादीत कार्ड दिसलं, तर त्याच ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं काही आहे का ते बघायचं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स यांनी लिहायला घेतला तोच. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या चिपशी कसं बोलायचं हे जाणणारा प्रोग्रॅम. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, सीडी किंवा संकेतस्थळ शोधावं लागत नाही. यालाही इतिहास आहे. ब्रॉडकॉमनं आपल्या चिपची माहिती वर्षानुवर्षं बाहेर दिली नाही, तेव्हा काही मंडळींनी दोन गट केले. एका गटानं कंपनीच्या ड्रायव्हरचं वागणं तपासून चिप कशी चालते याचा तपशील लिहून काढला. दुसऱ्या गटानं मूळ ड्रायव्हरकडं न बघता फक्त त्या तपशिलावरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो कर्नलमध्ये आला. खुद्द ब्रॉडकॉमनं आपल्या काही नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. आज आपण उबंटू टाकताना वायफाय आपोआप चालेल असं गृहीत धरतो, त्यामागं हे कष्ट आहेत.

तरीही ब्रॉडकॉमच्या कित्येक जुन्या कार्डांना कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. तो आपल्या लॅपटॉपवरच्या कर्नलला जुळवून तिथंच तयार होतो, आणि इथं सिक्युअर बूट आडवं येतं. सिक्युअर बूट चालू असताना विश्वासातल्या किल्लीची सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. म्हणून उबंटू इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतं, आणि पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना निळी स्क्रीन येते. तिथं ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो, म्हणजे त्या सहीची किल्ली लॅपटॉपच्या विश्वासाच्या यादीत जाते. घाईत बहुतेक जण ‘कंटिन्यू बूट’वर एंटर मारतात. मग ड्रायव्हर आहे पण चालत नाही, अशी स्थिती राहते. निळी स्क्रीन आली की थांबून वाचा.

नव्या कोऱ्या लॅपटॉपचं दुखणं उलट असतं. कार्ड कर्नलपेक्षा वयानं लहान असतं. इंटेलच्या एएक्स२१० ला कर्नल ५.१० किंवा त्यापुढचा लागतो. त्याआधीच्या कर्नलसाठी ते कार्ड अनोळखी. अशा वेळी पुन्हा इन्स्टॉल करून काही होत नाही, नवा कर्नल घ्यावा लागतो.

ड्रायव्हर जोडला गेलाय, तरी वायफाय नाही? मग कर्नलची नोंदवही उघडायची. आदेश डी-एम-ई-एस-जी, त्याच्या आधी एस-यू-डी-ओ आणि जागा. शेकडो ओळी येतात, पण घाबरायचं नाही, ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधायचा. बरेचदा अशी ओळ सापडते: ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर’, मग एका फाइलचं नाव, आणि शेवटी ‘फेल्ड विथ एरर −२’. हा उणे दोन नेमका आहे. कर्नलच्या भाषेत त्याचा अर्थ, मागितलेली फाइल जागेवर नाही. कार्ड बरं आहे, ड्रायव्हर बरा आहे, फक्त एक फाइल कमी आहे. आणि तिचं नाव त्याच ओळीत छापलंय!

ही फाइल लागते कशाला? वायफाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी. सिग्नल कधी पाठवायचा, बिघडलेलं पॅकेट पुन्हा कधी पाठवायचं, अशा गोष्टी मायक्रोसेकंदांत ठरवाव्या लागतात, त्या तो स्वतः करतो. पण त्याचा प्रोग्रॅम कायमचा साठवणारी मेमरी कार्डावर ठेवली तर खर्च वाढतो, म्हणून वीज गेली की कार्ड कोरं होतं. दरवेळी सुरू होताना ड्रायव्हर हार्डडिस्कवरची फर्मवेअर फाइल त्याच्या मेमरीत भरतो. कंपन्या ही फाइल वाटायला परवानगी देतात, तिचा सोर्स कोड देत नाहीत. म्हणूनच डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकारानं तत्त्व म्हणून ती आपल्या मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच मिळतं. तत्त्वाला मुरड घातली याची काहींना खंत वाटली, ती मी समजू शकतो. पण ज्या पोराकडं एकच लॅपटॉप आहे आणि इंटरनेटचं दुसरं साधन नाही, त्याच्या बाजूनं पाहिलं तर निर्णय योग्यच होता.

फाइल उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ती फाइल हवी, हा पेच फोनमुळे सुटतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलनं जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स त्याला तारेचं नेटवर्क समजतं आणि त्यासाठी वायफाय कार्ड लागत नाही.

आता रेडिओची कळ. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात जुना लॅपटॉप होता, हिशेबासाठी वापरात. "फॉरमॅट मारून बघितलं ओ सर, काय उपयोग न्हाई," दुकानातला पोरगा म्हणाला. कार्ड यादीत होतं, ड्रायव्हर होता, फर्मवेअर भरलं गेलं होतं. आर-एफ-किल हा आदेश सलग टाइप करून पुढं लिस्ट लिहिलं तेव्हा दोन ओळी आल्या: ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: नो’, ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’. सॉफ्ट म्हणजे सॉफ्टवेअरनं रेडिओ बंद केलेला. तो ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ म्हटलं की सुटतो. हार्ड म्हणजे कार्डाच्या एका पिनेवरच ‘रेडिओ बंद ठेव’ असा विजेचा इशारा आलेला. तिथं कुठल्याही आदेशाचं काही चालत नाही, कितीही वेळा फॉरमॅट मारलं तरी नाही. लॅपटॉप उलटा करून बघितला तर पुढच्या कडेला, बोटाच्या नखाएवढी सरकती कळ होती आणि तिच्या खाचेत पिवळीधमक हळदपूड गच्च बसलेली. ब्रशनं ती काढली, कळ उजवीकडं सरकवली, आणि यार्डातल्या शेजारच्या दुकानांची नेटवर्कं धडाधड यादीत आली. नव्या लॅपटॉपांत अशी कळ नसते, तिथं एफएनसोबतच्या फंक्शन-कीचं काम असतं.

यानंतर राहते अँटेना. नेटवर्क दिसतं पण राउटरच्या शेजारी बसूनही रेंज मिळत नाही, हे तिचं लक्षण. रेंजचे दांडे न बघता आयडब्ल्यू या आदेशानं मिळणारा डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या शक्तीचा, आकडा बघावा. तो ऋण असतो: −५० उत्तम, −७० ला काम चालतं, −८० ला रखडतं. दर दहाला शक्ती दहापट बदलते, म्हणजे −५० आणि −८० मध्ये हजारपटीचं अंतर आहे. अँटेना असतात झाकणात, स्क्रीनच्या वरच्या कडेला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा तीन सेंटिमीटर, म्हणून पत्र्याची एवढीशी पट्टी तिथं पुरते. तिथून दोन बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपात तारही सोललेली असू शकते. डीबीएमचा आकडा बघत झाकण हळूहळू पुढंमागं करा. कोनागणिक आकडा उड्या मारत असेल तर दोष तारेत आहे. या तारांची टोकं कार्डावर दाबून बसवलेली असतात, जेमतेम दोन मिलिमीटरची. अशा जोडणीचा एक प्रचलित प्रकार उत्पादकानं साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनवलेला असतो, तेव्हा ती उगाच काढत बसू नये. काही स्वस्त कार्डांवर दोन खाचा आणि लॅपटॉपात एकच तार असते. ड्रायव्हर रिकाम्या खाचेतून ऐकू लागला की रेंज कोसळते. रिअलटेकच्या ८७२३बीई कार्डाच्या ड्रायव्हरला कुठली खाच वापरायची हे सांगण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे.

हवेतले अडथळे थोडक्यात सांगतो. यूएसबी ३ च्या उपकरणांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निघतो, हे इंटेलनं २०१२ मध्ये मोजून दाखवलं. बाहेरची हार्डडिस्क लावली की वायफाय अडखळत असेल तर तिला दुसऱ्या बाजूचा पोर्ट द्या किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. परदेशातून आलेल्या रिफर्बिश्ड लॅपटॉपाचं आणखी एक कोडं असतं, फोनला घरचं नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला दिसत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचे १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे ११ पर्यंतच. कार्डात अमेरिकेचा नियम कोरलेला असेल आणि राउटर १३ वर असेल तर त्यांची गाठ पडत नाही. राउटर १, ६ किंवा ११ वर ठेवला की प्रश्न मिटतो. आणि वायफाय चालतं पण थोड्या थोड्या वेळानं झोपतं, असं असेल तर नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत ३ ऐवजी २ करा. २ म्हणजे वीजबचत बंद.

एवढं सगळं तपासूनही कार्ड खरोखर गेलेलंच निघालं तर ते बदलता येतं, मात्र आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. काही जुन्या लॅपटॉपांचा बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतो, दुसरं बसवलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. तिथं यूएसबी डोंगल बरं, पण दुकानदाराला आत चिप कुठली आहे ते विचारून, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे याची खात्री करूनच घ्यावं. दुसरं म्हणजे इंटेलचं एएक्स२०१ हे कार्ड दिसायला नेहमीसारखंच असलं तरी त्याचं अर्धं काम इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये होतं, त्यामुळे जुन्या किंवा एएमडीच्या लॅपटॉपात ते खाचेत बसेल पण चालणार नाही. तिथं एएक्स२०० किंवा एएक्स२१० मागायचं.