गहिवर आणि गळा काढणं

‘माझी आई’ हा निबंध दरवर्षी गठ्ठ्याने माझ्यापुढे येतो. मी दापोली तालुक्यात मराठी शिकवते. ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींचं पालगड याच तालुक्यातलं, म्हणजे आईवर कसं लिहावं याचा नमुना शोधायला आमच्या मुलांना लांब जायला नको. तरी वही उघडली की पहिली ओळ ठरलेली: ‘आई म्हणजे वात्सल्याचा सागर.’ वर्गाच्या खिडकीतून खराखुरा समुद्र दिसतो, पण हा सागर गाईडातून आलेला असतो.

यावर पालक म्हणतात, “बाई, ‘श्यामची आई’ही तसंच की! नुसतं रडवतं.” घोटाळा होतो तो इथेच. डोळ्यांत पाणी दोन्हीकडे आहे, म्हणून दोन्ही एकच वाटतं. पण गळा काढणारा लेखक आधी स्वतः रडून घेतो आणि मग वाचकाला साथ द्यायला बोलावतो. गहिवर येतो तेव्हा लेखक भलतंच काहीतरी सांगण्यात गुंतलेला असतो. भाजीबद्दल, मिठाबद्दल.

पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमात रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. त्यातली अळणी भाजीची रात्र आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, भाजीला नावं ठेवत नाहीत, उलट छान झाली म्हणतात. मागून आई जेवायला बसते, पहिल्या घासाला तिला कळतं, आणि सांगितलं का नाही म्हणून ती हळहळते. एवढंच. ‘त्यांचं एकमेकांवर फार प्रेम होतं’ हे वाक्य कुठेही लागत नाही. पुढे श्याम संस्कृतीबद्दल चार शब्द बोलतोच. मी असते तर आईच्या हळहळण्यापाशी थांबले असते.

दुसरा प्रसंग आंघोळीचा. ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो, आणि आई आपले ओचे धोंडीवर पसरते. त्यावर पाय टिपून मग स्वारी घरात. पायांना जपतोस तसं मनालाही जप, हे ती त्यानंतर सांगते. क्रम बघा. आधी ओलं लुगडं, मग उपदेश. उलटं केलं असतं तर शाळेच्या भिंतीवरचा सुविचार झाला असता, आणि त्याखालून आपण रोज न वाचता जातोच. शिवाय शब्दही ‘वस्त्र’ नाही, ‘ओचे’ आहे. नऊवारी नेसणारी बाई त्या एका शब्दात उभी राहते.

पुस्तकाचा बहुतेक भाग साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिला. एवढ्या झपाट्यात अलंकार शोधत बसायला सवड कुठली? आठवेल ते, सांगावं तसं. तरीही सगळं पुस्तक एका तोलाचं आहे असं मी म्हणणार नाही. आश्रमात गोष्ट ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आल्याचं लेखक जिथे स्वतःच सांगतो, तिथे तो माझं काम आपल्याकडे घेतो. हा गळा काढण्याचाच प्रकार, सभ्य म्हणा हवं तर. अशा ओळी मी भराभर ओलांडते.

ओळखायची माझी रीत गावठी आहे. विशेषणं खोडायची आणि काय उरतं ते बघायचं. ‘प्रेमळ, कष्टाळू, त्यागमूर्ती’ गेलं की गाईडातल्या निबंधात नुसती ‘आई’ उरते, कोणाचीही. श्यामच्या आईची विशेषणं खोडली तरी अळणी भाजी जागच्या जागी.

म्हणून कोरडं लिहा, असं मात्र मी वर्गात सांगत नाही. कोरडेपणा ही तिसरीच गोष्ट, आणि तो मुलांना न शिकवताच येतो.

यंदा एका वहीत ‘सागर’ होताच. पण खाली चौथ्या ओळीत होतं: ‘कोलंबी सोलून आईची बोटं सुजतात. त्या दिवशी माझी वेणी आजी घालते.’ मी मुलीला बोलावलं. या दोन ओळींखाली रेघ मारून म्हटलं, “हे ठेव. वरचा सागर काढ, आणि शेवटचं ‘अशी माझी आई मला फार फार आवडते’ तेही काढ.”

तिने वही जवळ ओढली. “सागर काढते, बाई. पण शेवटचं वाक्य नसलं तर परीक्षेत मार्क कापतात ना?”

ते वाक्य मी राहू दिलं.