फ्रँकेनस्टाईन हे राक्षसाचं नाव नाहीये

"फ्रँकेनस्टाईन नावाचा मुका, दुष्ट राक्षस" असं सगळेच ऐकत आलोय, मुलांच्या पुस्तकांच्या कव्हरवरही तेच, त्यामुळे गैरसमज साहजिकच. पण मेरी शेलीच्या १८१८ च्या मूळ 'फ्रँकेनस्टाईन' कादंबरीत हे त्याला बनवणाऱ्या तरुणाचं आडनाव आहे, राक्षसाला बिचाऱ्याला नावच नाही. आणि मुका तर अजिबात नाही, एका गरीब घराशेजारी लपून, त्यांचं बोलणं ऐकून ऐकून तो भाषा शिकतो आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. त्या घरातले आंधळे आजोबा त्याच्याशी प्रेमाने बोलतात, त्यांचा डोळस मुलगा मात्र काठीने बडवतो! राक्षस पहिला खून करतो तो त्यानंतर, म्हणजे मुळात दुष्टही नाही. आणि चित्रांत दिसणारे त्याच्या मानेतले बोल्ट १९३१ च्या सिनेमातले. चेक करायचंय? कादंबरी नेटवर फुकट मिळते, राक्षस स्वतः "मी" म्हणून बोलतो ती मधली प्रकरणं काढा.