वडापावच्या गाडीवरचा तेलकट चौकोन

परळ स्टेशनबाहेर ज्या गाडीवर मी वडापाव खातो, तिथल्या क्यूआर कोडची अवस्था बघण्यासारखी आहे. कढईपासून हातभर अंतरावर पत्र्याला चिकटवलेला कागद. खालचा उजवा कोपरा तेल पिऊन पिऊन आरपार दिसायला लागलाय, मधोमध लाल चटणीचं बोट उमटलंय आणि एका कडेला कागदाचा पापुद्राच निघालाय. तरी फोन समोर धरला की पापणी लवायच्या आत गाडीवाल्याचं नाव स्क्रीनवर हजर. एकदा न राहवून म्हटलं, "दादा, आता नवीन लावा की." झारा निथळत तो म्हणाला, "पुसायला गेलो तर कागदच निघतो, साहेब. चालतंय ना? मग चालू द्या."

चालतंय कसं, हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. चेकवर एका आकड्याची खाडाखोड झाली तर बँक चेक परत पाठवते. नोट जरा फाटकी निघाली की बसचा कंडक्टर तोंड वाकडं करतो. आणि हा चटणी खाल्लेला कागद बिनबोभाट पैसे पोचवतो!

रविवारी घरी प्रयोग केला. माझ्याच खात्याचा क्यूआर कोड छापून घेतला आणि बायकोचं टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं (कशाला हवंय ते सांगितल्यावर तिने मोठ्या टिकल्या काढून घेतल्या आणि बारक्या दिल्या). मध्यभागी एक टिकली लावली, फोन वाचतोय. दोन, तीन, चार लावल्या, तरी वाचतोय. मग पाचवी-सहावीला फोन घुटमळायला लागला आणि पुढे गप्पच झाला. सगळ्या टिकल्या काढल्या आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातला मोठा चौकोन तेवढा कागदाच्या कपट्याने झाकला. फोन ढिम्म. बाकी सगळा कोड लख्ख दिसत असूनही ढिम्म.

म्हणजे सगळे काळे-पांढरे ठिपके सारख्या मोलाचे नाहीत. तीन कोपऱ्यांतले ते तीन मोठे चौकोन फोनला आधी दिसावे लागतात. 'इथे कोड आहे, त्याची वरची बाजू ही' एवढंच त्यांचं सांगणं. एखाद्या चौकोनाच्या मधून सरळ रेघ ओढा आणि काळं-पांढरं मोजा: काळं १, पांढरं १, काळं ३, पांढरं १, काळं १. रेघ आडवी, उभी, तिरपी कशीही ओढली तरी हे प्रमाण तेच राहतं, म्हणून कोड उलटा-सुलटा धरला तरी बिघडत नाही. चौकोन चारही कोपऱ्यांत असते तर डोकं कुठलं आणि पाय कुठले हे फोनला कळलं नसतं, म्हणून चौथा कोपरा मोकळा.

१:१:३:१:१ हे प्रमाण कुणी हवेतून काढलेलं नाही. जपानमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा नावाचे इंजिनिअर होते. कारखान्यात खोक्यांवर बारकोड असायचे. एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड आणि कामगारांच्या हाताला दिवसभर तेच काम. हारा यांना गो नावाच्या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून सुचलं की माहिती एका रेघेत कशाला, आडवी-उभी दोन्हीकडे पसरूया. पण यंत्राला खोक्यावरच्या बाकीच्या छपाईतून नेमका कोड ओळखू कसा यायचा? तेव्हा त्यांच्या गटाने मासिकं, पत्रकं, पुठ्ठ्याचे खोके असं छापील साहित्य गोळा करून त्यातली काळ्या-पांढऱ्याची प्रमाणं तपासली आणि सगळ्यात कमी आढळणारं प्रमाण निवडलं. मला हा भाग फार आवडतो. कचऱ्याच्या ढिगातून 'काय नाही' ते शोधून काढायचं! हे काम १९९४ साली बाहेर आलं.

आता चटणीकडे. समजा मला तुम्हाला दोनच आकडे कळवायचे आहेत, ३ आणि ५. मी ते तसेच न पाठवता चौकटीच्या वहीत ठिपके मांडून त्यातून सरळ रेघ ओढतो आणि रेघ पुढे नेऊन आणखी चार आकडे घेतो. मग पाठवतो ३, ५, ७, ९, ११, १३. वाटेत चटणी सांडली आणि तुमच्याकडे पोचलं ३, ५, २, ९, ११, १३. तुम्ही ते वहीत मांडलंत की पाच ठिपके एका रेघेत येतात आणि एक बाजूला लटकतो. कुठला आकडा नासलाय हेही कळलं आणि तिथे काय असायला हवं तेही. दोन आकडे नासले तरी उरलेले चार एका रेघेत येतात, काम होतं. तीन नासले की मात्र खात्री नाही. हिशेब असा की एका चुकीमागे दोन जादा आकडे लागतात: एक चूक कुठे आहे ते सांगायला, एक ती काय आहे ते सांगायला.

अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघा अमेरिकन गणितींनी १९६० साली हीच युक्ती सरळ रेघेऐवजी वळणदार वक्रांना लावून मांडली. फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या ओरखडलेल्या सीडी घरी येऊन गुपचूप वाजायच्या, त्यामागेही रीड-सॉलोमनच होते. क्यूआर कोडमध्ये दुरुस्तीच्या चार पायऱ्या असतात. सगळ्यात खालच्या पायरीला साधारण ७ टक्के भाग नासला तरी चालतो, मग १५, मग २५, आणि सगळ्यात वरच्या पायरीला ३० टक्के. सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ घरांचा असतो. त्यात एकूण २६ अक्षरखंड (आठ-आठ ठिपक्यांचे जुडगे) बसतात. त्याला वरची पायरी दिली तर त्यातले खऱ्या माहितीचे फक्त ९, उरलेले १७ राखणीला. पुढे प्रत्येक मोठ्या आकाराला कोडची बाजू चार घरांनी वाढते, ती थेट १७७ पर्यंत. कोड मोठा असला तर माहितीचे गट करून ते एकमेकांत मिसळून टाकतात, म्हणजे एकच डाग पडला तर एकाच गटाचा बळी जात नाही. घरातली सगळी माणसं लोकलच्या एकाच डब्यात बसवू नयेत, तसंच.

गंमत अशी की कोडच्या मधोमध कंपनीचं जे रंगीत बोधचिन्ह छापतात, ते ठिपके झाकूनच बसलेलं असतं. फोनच्या लेखी तोही डागच. राखणीची शिल्लक चिन्हाने आधीच खाल्लेली असते, उरलेल्यात चटणीने भागवायचं. माझ्या कागदावर असं चिन्ह होतंच, म्हणून टिकल्या पाच-सहावरच आटोपल्या असाव्यात.

१९९४ हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या काळी संगणकावरची चित्रं सर्रास जिफ नावाच्या स्वरूपात साठवली जायची. चित्र आवळून लहान करायची जी रीत त्यात वापरली होती, तिच्यावर युनिसिस या अमेरिकन कंपनीचं पेटंट होतं. सात वर्षं लोकांनी बिनधास्त वापर केला आणि १९९४ च्या डिसेंबरअखेर जाहीर झालं की जिफ हाताळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आता पैसे मोजायचे. प्रोग्रामर मंडळी भडकली. वर्षभराच्या आत पीएनजी हे नवं स्वरूप जन्माला घातलं गेलं, मुद्दाम पेटंटची वाट टाळून. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ साली संपलं, तोवर पीएनजी घराघरात पोचलं होतं.

डेन्सोकडेही क्यूआर कोडचं पेटंट होतं, पण त्यांनी जाहीर केलं की ठरलेल्या मानकानुसार कोड बनवणाऱ्या-वापरणाऱ्या कुणावरही आम्ही ते चालवणार नाही. ही समाजसेवा नव्हती. कंपनी कोड वाचणारी यंत्रं विकायची. कोड जितका पसरेल तितकी यंत्रं खपणार. पेटंट टाकूनही दिलं नाही, कोडची भलतीच नक्कल करून कुणी गोंधळ घालू नये म्हणून हाताशी ठेवलं. कुत्रा पाळायचा, पण पाहुण्यांवर सोडायचा नाही. २००० साली क्यूआर कोड आंतरराष्ट्रीय मानक झाला.

पेटंट वाईट, असं माझं म्हणणं नाही. 'तू युक्ती सगळ्यांसमोर लिहून दे, आम्ही वीस वर्षं ती फक्त तुझी ठेवू', हा सरकारशी केलेला सौदा मला एरवी रास्त वाटतो. पण सौद्याची वेळ चुकू शकते. बारकोडचंच बघा. नॉर्मन वुडलंड यांनी समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटांनी रेघा ओढल्या, त्यावरून १९४९ साली अर्ज झाला, १९५२ साली पेटंट मिळालं. दुकानात पहिली वस्तू, च्युइंगमचं पाकीट, बारकोडने विकली गेली १९७४ साली. तोवर पेटंटची मुदत सरून गेली होती.

आपल्याकडचा पेटंट कायदा १९७० चा. त्याचं एक कलम म्हणतं की गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता संगणक प्रोग्राम यांवर पेटंट मिळणार नाही. त्यातल्या 'नुसता' या शब्दावर वकिलांची पोटं भरतात. अँटॉप हिलच्या पोस्टाजवळ बौद्धिक संपदा भवन आहे, तिथे अर्ज तपासणाऱ्यांना रोज याच शब्दाशी झुंजावं लागत असणार: नुसता प्रोग्राम कुठे संपतो आणि यंत्रातली खरी सुधारणा कुठे सुरू होते? माझ्या मते कायद्याचा कल बरोबर आहे. रेघेवरचे ठिपके कुणाच्याही मालकीचे नसावेत. ते वापरून कुणी अधिक चांगलं यंत्र बनवलं, तर त्याचं त्याने जरूर मागावं.

पण पेटंट नसलं म्हणजे दार उघडंच असतं असंही नाही. नोटाबंदीनंतरचं वर्ष आठवा. आमच्या वाण्याच्या काउंटरवर चार रंगांचे चार कोड होते आणि पाचवा वजनकाट्याला लावलेला. प्रत्येक पाकीट-अ‍ॅपला फक्त स्वतःचा कोड वाचता यायचा. ठिपक्यांची विद्या सगळ्यांना मोकळी, पण ठिपक्यांत लिहिलेलं काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. ताटं सारखी, पण प्रत्येकाची पंगत वेगळी. वाणीण म्हणायची, "तुमच्याकडे कुठलं आहे ते आधी सांगा, मग मी बोट दाखवते."

हा गुंता सुटला तो मुंबईतच. बांद्रा-कुर्ला संकुलात ज्यांचं कार्यालय आहे त्या राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) २०१६ सालीच यूपीआय आणलं होतं. त्यात कोडमध्ये काय लिहायचं हे सगळ्यांसाठी एकच: घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, नाव, चलन. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मान काढलं की नवे खासगी कोड कुणी काढायचे नाहीत आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत सगळ्यांना वाचता येतील असे करायचे. वाण्याच्या काउंटरवर आता एकच कोड आहे. कुठलाही फोन आणा, कुठलंही अ‍ॅप आणा.

मग स्पर्धा झाली का? झाली, पण जिथे अपेक्षा होती तिथे टिकली नाही. यूपीआयच्या पाचपैकी साधारण चार व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच अ‍ॅपांतून होतात. एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नको, असं महामंडळाने २०२० मध्येच ठरवलं होतं. मुदत पुढे पुढे ढकलत २०२६ च्या अखेरीवर गेली. अ‍ॅप बदलणं हे खरं तर दोन मिनिटांचं काम. तरी सवय बदलत नाही, आणि सवयीवर पेटंट लागत नाही.

खरी झुंज आता गाडीवरच्या बोलक्या डब्यात, म्हणजे पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या साउंडबॉक्समध्ये, आलीय. यूपीआयवर दुकानदाराकडून व्यवहारामागे शुल्क घ्यायचं नाही, असा २०२० पासूनचा नियम. मग कंपन्यांनी कमवायचं कुठून? डबा महिन्याच्या भाड्याने देऊन आणि दुकानदाराची उलाढाल बघून त्याला कर्ज मिळवून देऊन. कोडवर पैसे कुठल्याही अ‍ॅपने टाका, पण डबा बोलतो तो ज्या कंपनीचा कोड त्याच कंपनीचा. गर्दीच्या वेळी गाडीवाल्याला फोन बघायला सवड नसते, त्याचे कान डब्याकडे. म्हणून कोड बदलायचा तर डबाही बदलावा लागतो. वाण्याच्या पाच कोडांतून सुटलो, ती गाठ आता डब्याला येऊन बसली, एवढंच. डब्यालाही सगळ्यांची भाषा कळावी असं एखादं फर्मान निघालं तर मला आनंदच होईल.

परवा वडापाव घ्यायला गेलो तर पत्र्यावर कोरा करकरीत कोड. चटणीवाला कुठे गेला म्हणून विचारलं. "डब्याचा आवाज बसला होता, साहेब. दुसऱ्या कंपनीचा पोरगा आला, म्हणाला तीन महिने भाडं नको. मग त्याचाच कागद लावावा लागला."

वडा तेलात सोडताना दोन थेंब उडाले. नव्या कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात.